डोकासुराला मारायचं कसं?

चार मित्र रोज एका जागी बसले की किस्से साठत जातात, आणि मग कुठला आधी घडला तेच आठवत नाही. आमच्या डोकासुराचं तसंच झालंय.

दारव्ह्यात बंडूभाऊंच्या स्टेशनरी दुकानामागे संध्याकाळी आम्ही कॉमिक बनवतो. चित्रं गजूभाऊ पेंटरची, गोष्ट माझी, चहा बंडूभाऊंचा आणि चुका काढायला शाळेतल्या शारदा मॅडम. डोकासुर हा आमचा खलनायक. जिनिंग फॅक्टरीत विजेचा झटका बसून त्याची बुद्धी शंभरपट झाली. आमची चौघांची मिळून त्याच्या पासंगालाही पुरत नाही, आणि सगळा घोळ तिथेच आहे!

*

एवढ्या हुशार माणसाला हवं तरी काय? मी लिहिलं, जगावर राज्य.

मॅडम म्हणाल्या, "एवढा हुशार माणूस एवढी कटकट कायले मांगं लावून घेईन?"

बरोबर होतं. मग आम्ही त्याला लोकल पॉवर दिली. गावात नळ कधी येणार हे त्याला आधीच कळतं, आणि त्या जोरावर तो सगळं गाव मुठीत ठेवतो.

बंडूभाऊंनी पान वाचलं आणि खवळले. "नळ कवा येते हे सांगते, अन् त्याले तुम्ही मारून राह्यले? त्याले नगराध्यक्ष करा!"

*

गजूभाऊंनी पहिलं चित्र आणलं. डोकं भोपळ्याएवढं, डोळे लालभडक, वर लिहिलेलं, "एकालाही सोडणार नाही!" आणि खाली दोन्ही हात जोडलेले!

जन्मभर पुढाऱ्यांचे वाढदिवसाचे बोर्ड रंगवलेले. माणूस काढला की हात आपोआप जोडले जातात.

"गजूभाऊ, हा धमकी देऊन राह्यला का मत मागून राह्यला?" मी विचारलं.

त्यांनी चित्र लांब धरून पाहिलं. "मले तं काही फरक दिसत नाही," म्हणाले.

*

आता हिरोची पाळी. मी म्हटलं, हिरो त्याला खड्ड्यात पाडेल.

"हे त्याले आधीच समजलं असन," मॅडम म्हणाल्या.

चहातून गुंगीचं औषध? "समजलं असन."

बंडूभाऊ वैतागले. "मंग हिरोनं काहीच करू नये!"

"हेही समजलं असन."

त्यामुळे दोन पानं आमचा हिरो नुसता तर्री पोहे खातोय.

*

इथे एक सांगितलं पाहिजे. गजूभाऊंचे हातानं रंगवायचे बोर्ड फ्लेक्सनं संपवले. मेहुण्याचं नागपूरला फ्लेक्सचं दुकान आहे. "भाऊजी, या, कॉम्प्युटरवर बसा," असा त्याचा सारखा फोन. गजूभाऊंचं ठरलेलं उत्तर, "डोकासुर मेला का निंगतोच." वहिनींनी सामानही बांधायला घेतलं होतं.

गजूभाऊ जाऊ नयेत असं मला फार वाटायचं. आणि रोज संध्याकाळी डोकासुराला मारायची नवी युक्ती घेऊन मीच जायचो. असं का, ते विचारू नका. मलाही कळलेलं नाही.

*

शेवटी युक्ती सापडली, तीही मॅडमनाच! डोकासुर यवतमाळला जायला काळीपिवळी जीपमध्ये बसतो. ड्रायव्हर म्हणतो, "बसा साहेब, निंगालीच!" डोकासुर हिशोब मांडतो, जीप कधी निघेल? सीट भरतात, जीप निघत नाही. आणखी दोघं कोंबतात, निघत नाही. ड्रायव्हर उतरून पान खायला जातो. डोकासुराचं डोकं तापतं, कानातून धूर निघतो आणि खेळ खलास!

बंडूभाऊंनी टाळ्या वाजवल्या. मॅडमनाही एक चूक सापडेना. मी गजूभाऊंसमोर कोरा कागद ठेवला.

त्यांनी ब्रश पाण्यात बुडवला. बराच वेळ कागदाकडे बघत बसले. मग ब्रश फडक्याला पुसून डब्यात ठेवला.

"नाही जमत," म्हणाले. "हे त्याले आधीच समजलं असन."

मग मॅडम म्हणाल्या, "हो ना. मलेही तेच वाटून राह्यलं होतं."

बंडूभाऊंनी चहा सांगितला.