तोसाच्या फांदीचं लेबल

"सर, काका गेले. सुरगाण्याला नेतोय." एवढं बोलून काशिनाथच्या पुतण्याने फोन ठेवला. त्याला आता महिना झाला. आदल्या रविवारीच मी दवाखान्यात काशिनाथच्या खाटेशी तासभर बसलो होतो. माफी मागायला गेलो होतो. द्राक्षांवर आणि धरणाच्या पाण्यावर बोलून परत आलो.

नाशिकच्या आमच्या कॉलेजात मी वनस्पतिशास्त्र शिकवायचो आणि काशिनाथ लॅब अटेंडंट होता. वाळवलेल्या फांद्या जाड कागदावर चिकटवणं त्याचं काम, खाली लेबल लिहिणं माझं. झाडाचं नाव, ठिकाण, ओळखणाऱ्याचं नाव... ओळखणारा नेहमी मीच. चिकटवायला तो गावाकडचा धावड्याचा डिंक आणायचा आणि आदल्या दिवशी भिजत घालायचा. बाजारातली खळ त्याला चालत नसे.

नव्वदच्या दशकातल्या एका दिवाळीच्या सुट्टीत आम्ही मुलांना घेऊन हिमाचलला गेलो. ओढ्याकाठी एका उंच सूचिपर्णी झाडाखाली पडलेलं आख्खं फळ मी उचललं आणि सांगून टाकलं, हा तोस, म्हणजे हिमालयातला फर. मागून काशिनाथ हळूच म्हणाला, "सर, हा तोस नाय, ही रई हाय. तोसाचं फळ फांदीवर उभं ऱ्हातं न् तिथंच झडतं, आख्खं खाली पडत नाय. तोस लय वर हाय, सावलीच्या अंगाला. मेंढपाळानं सांगितलं." मुलं हसली. माझं डोकं फिरलं. "आता सुरगाण्याच्या माणसाने मला हिमालय शिकवायचा का?" हे मी बोललो, सगळ्यांसमोर. लिहितानाही लाज वाटते.

दुसऱ्या दिवशी तो एकटाच वर गेला. दुपारी मेंढपाळांनी त्याला पाठीवर घालून आणलं. झाडावरून पडून मांडीचं हाड मोडलं होतं. शर्टाच्या आत फांदी होती. तिच्यावर मेणबत्तीसारखं उभं फळ, निम्मे खवले झडलेलं. पाहताक्षणी कळलं, बरोबर तोच होता. तरी कॉलेजला दिलेल्या अहवालात मी लिहिलं, परवानगीशिवाय भटकताना घसरला. पडला तो आणि नाक वर माझं.

पाय आखूड झाला. पुढची दहा-बारा वर्षं तो कठडा धरून तिसऱ्या मजल्यावरच्या लॅबमध्ये चढत राहिला. ती फांदी त्याने सुरेख चिकटवली होती. दरवर्षी कपाटातल्या डांबरगोळ्या बदलताना तो कागद माझ्या टेबलावर आणून ठेवायचा. "सर, लेबल तेवढं राहिलंय." मी म्हणायचो, बघू. कागद परत कपाटात जायचा. त्याने कधी आवाज चढवला असता, तर मला सोपं गेलं असतं.

परवा लॅबमध्ये गेलो. कागद काढून लेबल लिहिलं. नाव : तोस. ठिकाण : ओढ्यापासून बरंच वर, सावलीचा उतार. ओळखणारा : काशिनाथ. मग चिकटवायला त्याची बाटली उघडली. डिंक वाळून खडा झाला होता. लेबल कागदावर नुसतंच ठेवलं आणि कपाट लावून खाली आलो.