भरलेला पेला आणि बाहेरगावची मॅच

वाटाडे हे काही त्यांचं आडनाव नव्हे. खरं आडनाव विजेच्या बिलावर तेवढं उरलं होतं. गल्लीतल्या कुणालाही बाहेरगावी जायचं असलं, मग ते लग्नाला असो, इस्पितळात असो की जावयाचं नवं घर बघायला, निघण्याआधी माणूस त्यांच्या दुकानात डोकवायचाच. "कुठून जाऊ हो?" असं विचारायची खोटी, की हातातलं काम बाजूला ठेवून ते चष्मा कपाळावर चढवायचे आणि उलटतपासणी सुरू करायचे. वार कोणता? निघणार किती वाजता? गाडीत म्हातारं माणूस आहे? लहान मूल? त्याला गाडी लागते का? विचारणारा वैतागायचा. "अहो, रस्ता विचारतोय, मुलगी मागायला नाही आलो!" पण सगळं ऐकून घेतल्याशिवाय वाटाडे तोंड उघडत नसत, आणि एकदा उघडलं की तासाभराची निश्चिंती.

धंदा वजनकाटे दुरुस्त करण्याचा. दुकान म्हणजे जेमतेम दहा बाय बाराची खोली. खिडकीशी लांब टेबल, त्यावर पोट उघडून ठेवलेले काटे, आणि काचेच्या पेटीत ओळीनं मांडलेली पितळी वजनं. त्या वजनांना बोट लावायची कुणाची टाप नव्हती. ती चिमट्यानंच उचलायची, कारण बोटाचा घाम लागला तरी वजन खोटं बोलतं, असं त्यांचं म्हणणं. वर्षातले सहा-आठ महिने ते पेटी घेऊन फिरतीवर असत. किराणा दुकानं, पिठाच्या गिरण्या, टपाल कचेऱ्या, दवाखान्यांतले तान्ह्या बाळांचे काटे. या फिरतीत आसपासच्या तीन जिल्ह्यांतला खड्डा न् खड्डा त्यांच्या ओळखीचा झाला होता.

एवढं असून फुटबॉलमधलं त्यांना ओ की ठो कळत नव्हतं. फुटबॉल बाईंचा. बाई म्हणजे त्यांची बायको. शाळेत गणित शिकवायच्या, म्हणून सगळेच त्यांना बाई म्हणत, आणि लग्नाला वर्ष व्हायच्या आत नवराही म्हणायला लागला. बाईंचे वडील शहराच्या क्लबचं मैदान सांभाळायचे. गवत कापायचं, पाणी मारायचं, मॅचच्या आदल्या दिवशी चुन्याच्या रेघा ओढायच्या. रेघ ओढताना दोरीचं दुसरं टोक धरायला ही असायची. बाहुल्या खेळायच्या वयात पोरीला ऑफसाइड कळत होतं, बोला!

लग्नानंतर पंधराच दिवसांनी बाई म्हणाल्या, "रविवारी मॅच आहे. बाहेरगावी. जायचं का?" वाटाड्यांना वाटलं, नवी नवरी आहे, कुठंतरी फिरायला जायचं निमित्त शोधतेय. त्यांनी हौसेनं रस्ता काढला. रेल्वेचं फाटक चुकवून, नदीवरच्या अरुंद पुलाला वळसा घालून, मॅच सुरू व्हायच्या चाळीस मिनिटं आधी गाडी मैदानाबाहेर उभी. गाडी कसली, डबाच तो. डाव्या दाराला कुलूप लागायचं नाही आणि मागे वजनांची पेटी होती. "तू जा, मी गाडीत बसतो," वाटाडे म्हणाले. बाई गेल्या. वाटाड्यांनी चहाचा थर्मास उघडला आणि आतून येणारा आरडाओरडा ऐकत, परतीचा नकाशा मांडीवर घेऊन बसले.

परतताना बाईंचं तोंड जे सुरू झालं, ते घर येईपर्यंत. पहिल्या शिट्टीपासून शेवटच्या शिट्टीपर्यंत सगळी मॅच. कोण कुठून धावला, कुणाचा पाय घसरला, गोलकीपर कसा दोन पावलं पुढे आला आणि फसला. सांगताना हात एवढे चालायचे, की एकदा वाटाड्यांचा चष्माच उडाला. त्यांना त्यातलं निम्मं कळलं नाही, पण एवढं कळलं की शाळेत आणि घरात मोजकं बोलणारी ही बाई गाडीत बसली की वेगळीच होते. घर जवळ आलं तेव्हा दुसऱ्या हाफची अजून वीस मिनिटं सांगायची राहिली होती. बाई दारात उतरल्या, कुलूप काढलं, आणि मॅच तिथंच तुटली. वाटाड्यांना भयंकर चुटपुट लागली.

तेव्हापासून त्यांनी स्वतःपुरता एक नियम केला. जाताना रस्ता जवळचा, येताना मॅचएवढा. शून्य-शून्यची रडकी मॅच असली की सरळ हमरस्ता. दोन-तीन गोल झाले की जुना रस्ता. आणि बाई लाल चेहऱ्यानं, विस्कटलेल्या केसांनी गाडीकडे धावत आल्या, की कालव्याचा रस्ता, तो सगळ्यात लांब. एकदा चार-तीन अशी मॅच झाली. कालवाही पुरेना, तेव्हा वळण चुकल्याचं सोंग करून त्यांनी वीस किलोमीटर जास्त घातले. "वाटाड्यांचा रस्ता चुकला?" बाई डोळे मोठे करून म्हणाल्या. "माणूस आहे, चुकतो कधी," असं म्हणून वाटाड्यांनी गाडी वळवली. बाईंना ते खरं वाटलं की नाही कोण जाणे.

पुढे गाडीच्या दाराला कुलूप बसलं. पुढे गाडीही बदलली. लेक झाली, मागच्या सीटवर झोपत-झोपत मोठी झाली, आईबरोबर चार-सहा मॅचही बघून आली आणि "मला नाही बाई आवडत" म्हणून मोकळी झाली. वाटाडे मात्र आत गेले नाहीत ते नाहीतच. एकतीस वर्षं प्रत्येक मैदानाबाहेर त्यांची जागा ठरलेली, झाडाखालची. आतल्या ओरड्यावरून गोल कुणाचा ते ओळखायला ते शिकले होते. बाकीचे प्रेक्षक हसायचे. बायकोला एवढं लांब आणतो आणि स्वतः बाहेर बसतो, काय म्हणावं या माणसाला! वाटाडे म्हणायचे, "आपल्याला काय कळतं त्यातलं?"

गेल्या वर्षी बाई न्हाणीघरात पडल्या. खुबा मोडला. ऑपरेशन झालं, काठी आली, आणि डॉक्टरांनी बजावलं की पाऊण तासापेक्षा जास्त एका जागी बसायचं नाही, धक्के तर मुळीच नकोत. हाड हळूहळू जुळलं, पण बाईंचं बोलणं बंद पडलं. म्हणजे "जेवायला वाढू का" आणि "गोळी घेतली" एवढं होतं. बाकी खिडकीपाशी खुर्ची, आणि गप्प. टीव्हीवर मॅच लावली तर म्हणायच्या, "बंद करा हो, त्यात काय बघायचं?" लेक म्हणाली, वयानं होतं असं. वाटाड्यांना ते पटलं नाही. आपल्या डोळ्यांदेखत माणूस विझत चाललंय आणि आपण नुसते गोळ्या मोजतोय, या विचारानं त्यांचा जीव कासावीस व्हायचा. बायकोचा आवाज परत ऐकायचाच, एवढं एकच त्यांच्या मनात होतं.

मोसमाची शेवटची मॅच बाहेरगावी होती, दीडशे किलोमीटरवर. हरले तर क्लब खालच्या गटात जाणार, बरोबरी झाली तरी तरणार. वाटाड्यांनी कुणाला न विचारता दोन तिकिटं आणली आणि रस्ता काढायला घेतला. पण या वेळी नकाशा काय कामाचा? नकाशात धक्के दाखवत नाहीत. मग त्यांनी काय केलं असेल? बाईंच्या सीटवर घडी घातलेला टॉवेल ठेवला, त्यावर काठोकाठ भरलेला स्टीलचा पेला, मोजून पाचशे ग्रॅम पाणी, आणि एका रविवारी एक असे तीन रविवार तिन्ही रस्त्यांनी एकटेच जाऊन आले. पोचल्यावर उरलेलं पाणी छोट्या काट्यावर तोलायचं. जुन्या रस्त्यानं एकशे चाळीस उरलं. हमरस्त्यानं तीनशे दहा, कारण दर गावापाशी गतिरोधक. कालव्याच्या रस्त्यानं तीनशे नव्वद. तिसऱ्या रविवारी मात्र त्यांच्या ध्यानात आलं, की बरंचसं पाणी खड्ड्यांनी सांडतच नाही, त्यांच्या स्वतःच्या ब्रेकनं सांडतं. सदुसष्टाव्या वर्षी माणूस पुन्हा गाडी चालवायला शिकला! येताना कालव्यानंच परतले, तेव्हा चारशे साठ उरलं.

लेकीनं ओली सीट पाहिली. "बाबा, हे काय? आणि फोनवर रस्ता दिसतो की सगळा."

"फोनला आईचा खुबा दिसतो का?" वाटाडे म्हणाले. लेक टॉवेल वाळत घालायला घेऊन गेली.

थांबेही ठरले. दर चाळीस मिनिटांनी एक. पहिली तेलाची गिरणी, मग पेट्रोल पंप, मग एक किराणा दुकान. तिघांचेही काटे वाटाड्यांनी वर्षानुवर्षं सांभाळलेले. त्यांना फोन गेले: हात असलेली, ताठ पाठीची खुर्ची दारात काढून ठेवा.

मॅचच्या दिवशी बाई काही न बोलता गाडीत बसल्या. वाटेत उतरल्या, दहा-दहा पावलं चालल्या, पुन्हा बसल्या. कालव्याच्या कडेनं झाडं मागे पडत होती. बोलणं असं नाही, पण दोनदा त्यांनी काच खाली घेतली आणि वाऱ्याला तोंड दिलं. वाटाडे ब्रेकला पाय लावतानाही श्वास रोखत होते. मॅचच्या पाऊण तास आधी ते मैदानाच्या फाटकाशी पोचले. बाई काठी टेकत उतरल्या. एकदाही कण्हल्या नाहीत. वाटाड्यांची छाती अशी फुगली म्हणता!

फाटकावरच्या रखवालदारानं तिकिटं बघितली आणि बाजूला बोट दाखवलं. "जिन्यानं वर."

"वर?" वाटाडे म्हणाले. "खाली बसायला नाही?"

"खाली फक्त खेळाडू. वर जावं लागतं काका. चाळीसेक पायऱ्या असतील."

वाटाड्यांनी मान वर केली. सिमेंटचा उभा जिना, मध्ये कठडासुद्धा नाही. याच मैदानाबाहेर ते अकरा वेळा गाडीत बसले होते. प्रत्येक धक्का त्यांनी ग्रॅममध्ये मोजला होता, आणि आत जिना असतो हेच त्यांना माहीत नव्हतं. कुठून असणार? त्यांचे कान लाल झाले. बायकोकडे बघवेना.

"मला ठाऊक होतं," बाई म्हणाल्या.

"ठाऊक होतं? मग बोलली का नाहीस?"

"तीन रविवार पाणी सांडत फिरलात तुम्ही. तुम्हाला काय सांगू, की वर जिना आहे म्हणून?" मग काठी सावरून म्हणाल्या, "आणि मला यायचं होतं. वीट आला होता त्या खिडकीचा."

"चल, परत जाऊ."

"परत कशाला? तुम्ही जा वर. बघा आणि येऊन मला सांगा."

"मी? अगं, मला काय कळतंय?"

"एवढी वर्षं ऐकताय, तेवढं पुरे. जा, वेळ होतोय."

रखवालदारानं स्वतःची खुर्ची सावलीत सरकवून दिली. बाई बसल्या, आणि वाटाडे आयुष्यात पहिल्यांदा मैदानाचा जिना चढले. वर पोचल्यावर त्यांना वाटलं, अरेच्चा, एवढंसंच? बाईंच्या सांगण्यातलं मैदान केवढं तरी मोठं होतं. शेजारची सीट रिकामी होती. लोक किंचाळत होते, उड्या मारत होते, आणि वाटाडे प्रत्येक गोष्ट मनाशी घोकत होते, की खाली गेल्यावर विसरायला नको. मध्यंतरात ते धावत खाली आले. बाई फाटकापर्यंत फेऱ्या मारत होत्या. "आत्ता नको, शेवटी एकदम सांगा," त्या म्हणाल्या आणि त्यांना वर पिटाळलं.

मॅच दोन-दोन अशी बरोबरीत सुटली. क्लब तरला. वाटाडे घामाघूम होऊन खाली आले, गाडी काढली, आणि कालव्याकडे वळताच बाई म्हणाल्या, "हं."

"हं काय? तरलो आपण!"

"ते कळलं मला ओरड्यावरून. गोल कसा झाला?"

"पहिला ना? तो आपला नऊ नंबर सरळ निघाला होता, पण समोर ही गर्दी. मग त्यानं बाजूची वाट धरली, दोघांना वळसा घातला आणि..."

"कुठल्या बाजूची?"

"डाव्या. म्हणजे माझ्या डाव्या."

"तुम्ही कुठे बसला होतात? घड्याळ कुठे होतं?"

"डोक्यावर."

"म्हणजे गोलामागे, तो तुमच्याकडे तोंड करून येणार. मग ती त्याची उजवी. आणि दुसरा गोल?"

"त्या वेळी मी नेमका चष्मा पुसत होतो."

"चष्मा पुसत होतात!" बाई सीटवर सरळ झाल्या. "गोल होताना चष्मा पुसतात का कुणी? बरं, त्याआधी चेंडू कुणाकडे होता? अकरा नंबर? मग तो असा आत आला असणार, त्यांचा बॅक पुढे आला असणार, मग यानं मागे दिला..." आणि बाईंचे दोन्ही हात हवेत चालू झाले. न बघितलेला गोल त्या बघणाऱ्यालाच सांगायला लागल्या. वाटाडे चुकीचं काहीतरी मध्ये घालायचे, बाई चिडायच्या, पुन्हा पहिल्यापासून लावायच्या. किराणा दुकानापाशी थांबायचं होतं, तिथं उतरूनही त्या काठीनं मातीत रेघा ओढून दाखवत होत्या. दुकानदार खुर्ची धरून उभाच राहिला.

पुन्हा गाडीत बसल्यावर बाई जरा दमल्या. मग म्हणाल्या, "अहो, एवढी वर्षं बाहेर बसून काढलीत. कधी आत यावंसं नाही वाटलं?"

"वाटायचं की. आतून ओरडा आला की पाय शिवशिवायचे."

"मग?"

वाटाड्यांनी समोर बघतच सांगितलं, "मी पण बघितली असती, तर येताना तू मला काय सांगितलं असतंस?"

बाईंनी तोंड खिडकीकडे वळवलं, पदरानं डोळे टिपले, नाक ओढलं. वाटाड्यांनाही रस्ता नीट दिसेना, त्यांनी गाडी आणखी हळू केली.

"ती हुकलेली पेनल्टी कुणी मारली म्हणालात?" मग खिडकीकडूनच बाईंचा आवाज आला.

"सात नंबरनं."

"सात नंबर कशाला मारेल? नीट आठवा बघू."