प्रमिलाकाकूंच्या माशा

प्रमिलाकाकूंच्या घरून धड कपड्यांनिशी कोणी परत येत नसे. चहाचा कप हातात देतानाच त्यांची नजर तुमच्या अंगावरून फिरायची आणि त्या म्हणायच्या, "जरा रुक. हा धागा निघालाय, घेऊ का?" धागा निघालेला नसायचाच, तो त्या काढायच्या. माझ्या एका गंजाच्या रंगाच्या स्वेटरची बाही त्यांनी दोन हिवाळ्यांत फस्त केली. तक्रार केली, तर वर म्हणाल्या, "अरे भिया, हा रंग पूर्ण इंदूरच्या मार्केटमध्ये मिळत नाही. तू दुसरा स्वेटर घे ना."

हे धागे जात माशा बांधण्यात. खऱ्या नव्हेत, गळाला बांधायच्या खोट्या माशा. काकूंचे यजमान नानाकाका इंजिनियर. नोकरीतली बरीच वर्षं हिमाचलात धरणाच्या कामावर गेली आणि तिथल्या गार नद्यांत ट्राउट मासे धरायचं वेड त्यांना लागलं. त्या नद्यांवर संध्याकाळी एक नाजूक किडा उडतो. पंख फुटल्यावर त्याला जगायला जेमतेम एखादा दिवस मिळतो. मादी अंडी घालते, पंख पसरून पाण्यावर पडते आणि संपते. तिला स्पिनर म्हणतात आणि ट्राउट तिच्यासाठी हटकून वर येतो. हुबेहूब तशी स्पिनर बांधायला नाजूक हात लागतो. काकूंचं भरतकाम पाहून काकांनी तो उद्योग त्यांच्यावर सोपवला. इंदूरला, आमच्या शेजारी राहायला आल्यावरही काका दर उन्हाळ्यात हिमाचलात जात आणि काकू वर्षभर माशा बांधत.

टेबलाच्या कडेला एक छोटा चिमटा लावलेला असे, त्यात तांदळाच्या दाण्याएवढा गळ. रंगाच्या ब्रशचे केस काढून शेपट्या, मोरपिसाची सोललेली काडी गुंडाळून अंगावरचे पट्टे. पहिल्या माशीचे पंख काकूंनी उभे बांधले होते. काकांनी ते नखानं आडवे केले. "मेलेली आहे ती," एवढंच बोलले.

"मला बाई कसंतरीच झालं," काकू सांगत. "सवाष्णीनं बसून मेलेलं काय बनवायचं? मग वाटलं, बिचारी सगळं करून-सवरून पडलीये. तिला नीट निजवू तरी."

त्या खरंच तिला निजवत. पंख बोटानं पसरताना त्यांचा श्वास थांबलेला मी पाहिलाय. मग काका भिंग लावून माशी न्याहाळत, "हं" म्हणत आणि डबीत टाकत. उभ्या संसारात त्या "हं"पलीकडे शाबासकी नाही. मला काकांचा राग यायचा. काकू हसून म्हणायच्या, "त्यांचं असंच आहे. फेकली नाही ना, म्हणजे पास."

मग काकांना विसरायला होऊ लागलं. आधी रस्ते गेले, मग मुलगा, मग काकू. ते त्यांना "तुम्ही" म्हणू लागले. घरात कामाला ठेवलेल्या कोणी भल्या बाई असाव्यात, असं वागत. रोज संध्याकाळी मात्र ठरलेला प्रश्न, "माशा झाल्या का? उद्या नदीवर जायचंय." काकूंच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरत होता, तरी त्या बांधतच राहिल्या. मुलानं पुण्याहून तयार माशांचं पाकीट पाठवलं, काकांनी ते बाजूला सारलं आणि काकूंची माशी उचलून म्हणाले, "ही आपली."

त्या दिवशी काकूंच्या चेहऱ्यावर जे आलं, ते पाहवत नव्हतं. "बघितलंस? माझा चेहरा गेला, पण हात पता आहे त्यांना," त्या म्हणाल्या. "एक दिवस हातावरून मलापण ओळखतील." त्या आशेवर त्यांनी वर्ष काढलं.

काका जायच्या थोडेच दिवस आधीची गोष्ट. मी तिथंच बसलो होतो. काकांनी नवी माशी हातात घेतली आणि काकूंनी विचारलंच, "किसने बांधली, सांगा बरं?" आवाज थट्टेचा, पण त्या खुर्चीच्या काठावर सरकून बसल्या होत्या.

"आमच्या मिसेसनं," काका लगेच म्हणाले. "फार सुंदर बांधते. तिच्या तोडीचं मी हिमाचलातही पाहिलं नाही. बाहेर गेली असेल, आली की ओळख करून देतो तुमची." मग जरा ओशाळून, "मी कधी बोललो नाही तिला. तुम्हाला भेटली तर सांगाल?"

"सांगीन," काकू म्हणाल्या. "नक्की सांगीन."

मला तिथं बसवेना. उठून स्वयंपाकघरात गेलो आणि उगाच पाणी प्यायलो.

काका गेले, त्यानंतर वर्षाच्या आत काकूही गेल्या. मधल्या काळात एकदा धीर करून मी विचारलं, "काकू, त्या दिवशी सांगायचं होतंत ना, ती मीच म्हणून. कदाचित ओळखलं असतं."

काकूंनी पदराच्या टोकाला पीळ घातला. "ओठांवर आलं होतं रे," त्या म्हणाल्या. "पण मी बायको आहे हे कळलं असतं, तर ते चूप झाले असते."