पुन्हा हायड्रोजनपासून

पहिल्याच तासाला मी हात टेकले. ब्रह्माघाटावरच्या वेदपाठशाळेत चटईवर अकरा मुलं बसली होती, सगळी तेरा-चौदा वर्षांची. मी म्हणाले, "अणूच्या मध्यभागी केंद्रक असतं." अकराही जणांनी ते वाक्य एका सुरात, माना हलवत, दोनदा म्हटलं. संथा अशीच घेतात, गुरुजींनी एकदा म्हणायचं आणि शिष्यांनी दोनदा. "अरे बाबांनो, हे म्हणायचं नाही, समजून घ्यायचंय!" मी ओरडले. मुलं ओशाळून हसली, आणि पुढचं वाक्य मी बोलले तसं परत दोनदा म्हणाली. तोंडात बसलेली सवय, ती काय बिचारी जाणार!

मी जन्माची दुर्गाघाटाची. घरात मराठी, दाराबाहेर हिंदी. इथल्याच एका शाळेत तीस वर्षं आठवीला विज्ञान शिकवून रिटायर झाले आणि घरात बसून डोकं फिरायला लागलं. तेवढ्यात पाठशाळेच्या गुरुजींचा निरोप आला. मुलांना वेदाबरोबर आठवीच्या परीक्षेला बसवायचं होतं आणि विज्ञानाला कुणी मिळत नव्हतं. "ताई, पोरं पाठांतराला वाघ आहेत," गुरुजी म्हणाले, "तुम्हाला काही त्रास नाही व्हायचा."

त्या अकरातला एक मात्र वेगळा निघाला. मराठवाड्यातल्या कुठल्याशा खेड्यातून आलेला, किडकिडीत, कान पुढे आलेले. तिसऱ्या की चौथ्या दिवशी मी फळ्यावर अणू काढून सांगितलं, की मधलं केंद्रक एवढंसं, इलेक्ट्रॉन त्याहून कितीतरी लहान, बाकी सगळी पोकळी. तास संपल्यावर हा भिंतीपाशी गेला आणि भिंतीवर तळवा दाबून उभा राहिला. म्हटलं, काय रे?

"ताई, भिंतीत पोकळी. माझ्या हातात पण पोकळी. मग हात आरपार का जात नाही?"

तीस वर्षांत हा प्रश्न मला एका पोराने विचारला नव्हता.

आणि मी काय केलं? ते सांगायला अजून जीभ रेटत नाही.

त्याचं झालं असं, की त्याला नववीला नेहमीच्या शाळेत जायचं होतं, विज्ञान शिकायला. गुरुजी भला माणूस, ते राजी झाले. वडिलांचा मात्र फोन आला, "यंदा शाळेत घेतलं तर ठीक. नाही घेतलं तर मुलगा चैत्रात गावी परत येईल. माझे गुडघे गेलेत, यजमानांकडे पूजा सांगायला कोण जाणार?" त्यांचंही काही चुकत नव्हतं. शहरातल्या एका चांगल्या शाळेत नववीच्या थोड्या जागा होत्या, तोंडी परीक्षा घेऊन भरायच्या. हातात सहा आठवडे. माझा जीव टांगणीला लागला आणि मी घाबरट बाई शॉर्टकट शोधायला लागले.

तो शॉर्टकट त्या मुलांच्या जिभेवर आयता होता. पहिली वीस मूलद्रव्यं घेतली, प्रत्येकाचे प्रोटॉन, न्यूट्रॉन, इलेक्ट्रॉन याच क्रमाने लावले आणि संथाच दिली. हायड्रोजन एक शून्य एक, हेलियम दोन दोन दोन, लिथियम तीन चार तीन. चार दिवसांत वीसच्या वीस पाठ! स्वर काय, ठेका काय, शेजारच्या खोलीतून गुरुजी कौतुकाने डोकावले. मी तर अशी फुगले होते की विचारू नका.

भिंतीचा प्रश्न त्याने आणखी दोनदा काढला. दोन्ही वेळा मी त्याला झटकलं. "ते परीक्षेत येत नाही. आधी पाठ कर. आणि हे बघ, तिथे मधलंच काही बोलायचं नाही. परीक्षा झाली की सांगते."

"बरं, ताई," तो म्हणाला. उलट बोलायची त्यांना सवयच नाही.

परीक्षेला त्याचं माणूस म्हणून मीच गेले. कोपऱ्यात खुर्ची दिली आणि बजावलं, पालकांनी एक शब्द बोलायचा नाही. परीक्षक मॅडम तिशीतल्या होत्या, चेहऱ्याने मायाळू. हिंदीत म्हणाल्या, "बेटा, सोडियम में कितने इलेक्ट्रॉन होते हैं?"

हा ताठ बसला, डोळे मिटले आणि सुरू झाला, "हायड्रोजन एक शून्य एक, हेलियम दोन दोन दोन..."

मॅडमनी हात वर केला. "सीधे सोडियम बताओ न."

तो थांबला. आणि परत पहिल्यापासून सुरू झाला. हायड्रोजन एक शून्य एक.

पाठशाळेचा नियम आहे, म्हणताना मध्ये कुणी अडवलं तर जिथे थांबलो तिथून धरायचं नाही, आरंभापासून म्हणायचं. रोज पहाटे पाळलेला नियम. सोडियम त्याच्याकडे होतं, पण अकराव्या पायरीवर, आणि वरच्या दहा उतरल्याशिवाय तिथे पोचता येत नव्हतं. हे मला ठाऊक होतं. इतके दिवस मीच ऐकत होते की! आणि त्याला मधूनच एक नाव विचारून बघावं, हे एकदाही सुचलं नाही.

मॅडमनी पुन्हा अडवलं, तो पुन्हा हायड्रोजनवर गेला. चेहरा शांत, सूर पक्का. मी ओठ दाताखाली धरून बसले होते. अहो, दोन मिनिटं थांबा, येतोय तो सोडियमपर्यंत, असं ओरडावंसं वाटत होतं.

शेवटी मॅडमनी कागद बाजूला ठेवला. फार चांगल्या होत्या हो त्या. म्हणाल्या, "अच्छा, यह सब छोड़ो. परमाणु की कोई बात तुम्हें अजीब लगती है? कुछ पूछना चाहते हो?"

त्याने माझ्याकडे पाहिलं. मी मनातल्या मनात कळवळून म्हणत होते, भिंत! अरे, भिंत विचार ना, राजा!

"कुछ नहीं, मैडम," तो म्हणाला.

चार दिवसांनी यादी लागली, त्याचं नाव नव्हतं. मी त्या मॅडमना जाऊन भेटले, हात जोडले. त्यांनी ऐकून घेतलं, पण जागा भरल्या होत्या. वडिलांना फोन केला, तर ते म्हणाले, "बाई, तुम्ही पुष्कळ केलंत." त्यापेक्षा शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

त्याला सांगायला मी पंचगंगाघाटावर घेऊन गेले. पायरीवर बसून त्याने सगळं ऐकलं. मग विचारलं, "ताई, पण मी एकदाही चुकलो नाही ना?"

"नाही रे. एकदाही नाही."

तो म्हणाला, "परीक्षा झाली. आता सांगाल?"

सांगितलं. म्हटलं, अणूच्या बाहेरच्या अंगाला इलेक्ट्रॉन असतात. तुझ्या हाताचे आणि भिंतीचे इलेक्ट्रॉन जवळ आले की एकमेकांना ढकलतात, म्हणून हात आत शिरत नाही. पाच मिनिटंसुद्धा लागली नाहीत.

त्याने पायरीच्या दगडावर तळवा दाबला. "म्हणजे दगड मला ढकलतोय. मग पाण्यात हात कसा जातो?" मी तोंड उघडायच्या आत स्वतःच म्हणाला, "पाणी बाजूला सरकतं. दगडाला सरकता येत नाही." आणि असा हसला, की मला त्याच्याकडे बघवेना.

"त्या मॅडमनी विचारलं ना, तेव्हा हेच माझ्या ओठावर आलं होतं," तो म्हणाला. त्याच्या आवाजात तक्रार नव्हती. "पण तुम्ही म्हणाला होता, मधलं काही बोलायचं नाही."

चैत्रात तो गावी गेला.