बाथरूमच्या दारातली कुंडी

आधीच सांगतो, असल्या गोष्टींवर माझा काडीचाही विश्वास नाही. वडील कारखान्यात कामगार, घरात बुद्धवंदना... अंगारे-धुपारे आमच्या उंबऱ्याच्या आत कधी आलेच नाहीत. मी स्वतः चाकणला ऑटो पार्ट्सच्या कंपनीत क्वालिटीला आहे. पार्ट फेल का झाला, हे मुळापर्यंत शोधायचं, त्याचाच पगार मिळतो. म्हणूनच हे लिहिताना जास्त चिडचिड होतेय.

चिंचवडला स्टेशनजवळ जुन्या सोसायटीत तिसऱ्या मजल्यावर आम्ही राहतो. मी, बायको सारिका आणि आई. समोर टॉवरचं बांधकाम सुरू झालं आणि घरभर सिमेंटची धूळ. आईला दमा. आम्ही सगळ्या खिडक्या बंद केल्या, बाथरूमच्या खिडकीच्या झडपांवरही प्लास्टिक लावलं. मग सारिकाने कुठेतरी व्हिडिओ पाहिला — झाडं घरातली हवा शुद्ध करतात. झालं! स्नेक प्लांट, मनी प्लांट आणि हॉलच्या कोपऱ्यात सिमेंटच्या जाड कुंडीत एरिका पाम. ती कुंडी वर चढवताना नर्सरीच्या दोन माणसांना घाम फुटला होता.

एक दिवस फर्स्ट शिफ्ट करून घरी आलो, तर पाम बाथरूमच्या दारात. दार लागेना.

"ही इथे कोणी आणली?"

सारिका म्हणाली, "मी कशाला आणू? माझ्याने ती हलते तरी का?"

आई म्हणाली, "अरे, मला पाण्याची बादली उचलवत नाही!"

कशीबशी ओढत परत कोपऱ्यात नेली. फरशीवर लांबलचक ओरखडा उठला, त्यावरून बोलणीही मीच खाल्ली. पुढच्याच आठवड्यात कुंडी पुन्हा दारात. आणि नवा ओरखडा एकही नाही! मी कुंडीभोवती खडूने गोल काढला. तिसऱ्यांदा ती दारात सापडली तेव्हा कोपऱ्यातला गोल जसाच्या तसा होता, कुठे पुसलेलासुद्धा नाही. मी वैतागून ओरडलो, "उद्या ही झाडं खाली नेऊन टाकतो! हवा शुद्ध राहिली बाजूला, घरात भांडणं सुरू झालीत." खाली न्यायला माणसं मिळेपर्यंत कुंडी पुन्हा कोपऱ्यात ओढली.

त्या गुरुवारी मला सुट्टी होती. सारिका मंडईत गेलेली. आई आंघोळीला गेली, मी हॉलमध्ये पेपर वाचत होतो. बराच वेळ पाणी नुसतं वाहतंय... "आई, झालं का गं?" उत्तर नाही. उठून गेलो, तर बाथरूमचं दार अर्धं उघडं आणि फटीत पामची कुंडी. आत आई स्टुलावरून भिंतीला कलंडलेली. डोळे मिटलेले. वर गॅस गीझर भकभक जळत होता.

कुंडीला खेटून आत शिरलो, तिला ओढून बाहेर आणलं, खिडक्या उघडल्या आणि शेजाऱ्यांच्या गाडीतून हॉस्पिटल गाठलं. ऑक्सिजन लावल्यावर संध्याकाळी तिने डोळे उघडले.

डॉक्टर मला फैलावर घेत म्हणाले, "बंद बाथरूममध्ये गॅस गीझर? विषारी वायू साठतो, वासही येत नाही. झाडांनी तो जात नसतो, खिडकी उघडावी लागते. दार उघडं होतं म्हणून आई हाती लागल्या."

मी आईला म्हटलं, "बरं झालं, दार लावलं नव्हतंस."

ती माझ्याकडे बघतच राहिली. "लावलं होतं की. कडी घातली होती. आत जाताना कुंडी तिथं नव्हती रे..."

घरी येऊन आधी कडी तपासली. सरळ, घट्ट, कुठे वाकलेली नाही. त्या दिवशी मी हॉलमध्येच बसलो होतो, कोपरा माझ्या पाठीमागे. एवढं धूड फरशीवरून गेलं आणि मला ऐकू आलं नाही?

आता गीझर विजेचा आहे, खिडक्या उघड्या असतात, धूळ रोज पुसतो. कुंडी त्यानंतर जागची हललेली नाही. सारिका तिला आता हात जोडते, त्याचाही मला राग येतो. कंपनीतला मित्र म्हणतो, "राव, आईंना आठवत नसेल, गुंगीत होत्या." बरं, कडीचं मानलं. मग कुंडीचं काय? आईला पुन्हा विचारलं तर ती खेकसते, "वाचले ना मी? मग कशाला उकरत बसतोस?"

उकरतो, कारण राहवत नाही. कोणाला काही सुचत असेल तर जरूर सांगा. फक्त 'चमत्कार' म्हणू नका. तो शब्द मला पचत नाही... आणि दुसरा कुठला मला अजून सापडलेला नाही.