काळी पाचवरून उतरणारा व्हायोला

समस्त पुणेकर, पुणेकरांचे शेजारी आणि नोकरीपायी नाइलाजाने पुण्यात राहणारे, या सर्वांस कळवण्यात अत्यंत दुःख होते की, प्रस्तुत लेखक एका लाकडी वाद्यावर जळत होता आणि भर कार्यक्रमात त्याच वाद्याकडून हरला. कृपया उभे राहून दोन मिनिटं शांतता पाळावी... पाळलीत? बसा आता.

भुताखेतांवर माझा कधीच विश्वास नव्हता. घरातल्या घरात चष्मा हरवला तर तो मीच कुठेतरी ठेवलेला असतो, एवढं साधं माझं तत्त्वज्ञान.

आम्ही नारायण पेठेत राहतो. तिसरा मजला, लिफ्ट आहे, चालत नाही. माझी बायको नीला गाते, मी तिला पेटीची साथ करतो. मंचावर तिच्या डाव्या हाताची जागा लग्नाआधीपासून माझी. आमचं लग्नच मुळी त्या जागेमुळे झालं!

त्या जागेवर मिलिंद आला. मिलिंद म्हणजे नीलाचा कॉलेजातला मित्र. डोक्यावर अजून सगळे केस. नीला त्याला ‘मिल्या’ म्हणते. मला ‘अहो’. तो व्हायोलिन वाजवायचा तोवर मी सहन केलं, पण गेल्या वर्षी तो व्हायोला घेऊन आला. व्हायोला म्हणजे व्हायोलिनचा थोरला भाऊ – अंगाने मोठा, आवाजाने खोल.

वाद्य देखणं होतं, हे कबूल करताना आजही दात दुखतात. पाठ मेपलच्या एकाच फळीची, उजेडात धरली की वाघाच्या पट्ट्यांसारखे पट्टे हलायचे. कडेने काळी-पांढरी बारीक रेघ, रंगवलेली नव्हे, लाकडात लाकूड बसवलेली. कुणा परदेशी कारागिराने कधी केलं, कुणालाच माहीत नाही. मालकांच्या खुणा मात्र अंगावर होत्या. हनुवटीखालचं पॉलिश उडालेलं, कारण खडकीच्या लष्करी बँडचा एक म्हातारा मास्तर ते उभ्याने वाजवायचा. आणि वरचं गोल वळण एका बाजूने गुळगुळीत झिजलेलं, कारण मास्तरने ते ज्या शिष्याला दिलं, तो आपल्यासारखा मांडी घालून, वाद्याचं टोक पावलावर टेकवून बसायचा. त्या शिष्याच्या मुलीने, गायकवाडबाईंनी, ते मिल्याला वाजवायला दिलं.

“अहो, पेटी जरा हळू. व्हायोला ऐकू येत नाही,” नीला म्हणाली. पहिल्याच दिवशी! पुढच्या आठवड्यात म्हणाली, “कार्यक्रमात तुम्ही थोडे मागे बसाल का?”

विचित्र प्रकार सुरू झाला तो तालमीत. नीलाची पट्टी, म्हणजे गाण्याचा मूळ सा, पेटीवरची काळी पाच. मिल्या व्हायोला काळी पाचला लावायचा, आम्ही चहाला उठायचो, आणि परत येऊन गज फिरवला की... काळी चार, सरळ एक सूर खाली! एखादी तार उतरणं मी समजू शकतो. चारही तारा, सारख्याच, आपसात अगदी सुरात?

“मिलिंदराव, कान तपासून घ्या,” मी अतिशय आनंदाने म्हणालो.

त्याने खुंट्या बदलून आणल्या, तारा नव्या घातल्या. तरी तेच. मग मीच ते लावलेलं वाद्य माझ्या कपाटात कुलूपबंद केलं, किल्ली खिशात घातली आणि त्याच्यासमोर बसून चहा प्यायलो. कुलूप काढलं – काळी चार. तेव्हा मात्र माझा आनंद जरा कमी झाला.

नीलाने गायकवाडबाईंना चहाला बोलावलं. बाई निवृत्त शिक्षिका, बोलणं मोजकं. ऐकून हसल्याच.

“बाबा फॅक्टरीतली नोकरी सांभाळून जन्मभर एकाच गायिकेला साथ करत. वयाप्रमाणे त्या गायिकाबाईंचा आवाज उतरला. सांगणार कोण? बाबा गुपचूप तारा खाली आणायचे, तानपुरेसुद्धा तसेच लावून ठेवायचे. बाईंना वाटायचं, आज गळा काय मोकळा लागलाय! आता बाबा नाहीत... पण हा अजून उतरतो. स्वतःच्या खोक्यात नुसता पडून असला की नाही. कुणी गायला बसलं की.”

“मग त्याला सांगा,” मी म्हणालो, “आमच्या हिचा आवाज काही उतरलेला नाही. काळी पाच होती, काळी पाचच राहणार!”

नीला कप उचलून आत गेली. वरचा सा हल्ली तिच्याकडून लवकर सुटायचा, पण ती लक्ष्मी रोडची धूळ, असं मी ठरवून टाकलं होतं. रोज ज्येष्ठमध देत होतो.

कार्यक्रमाला मी मागे बसलो. मिल्या माझ्या जागेवर. पडद्याआड आम्हा सगळ्यांसमोर वाद्य काळी पाचला लावलेलं, तानपुरा काळी पाचला. पडदा उघडला, मिल्याने पहिला गज ओढला... काळी चार.

मिल्या पांढराफटक. “शपथ, मी काही केलं नाही,” तो पुटपुटला.

नीलाने डोळे मिटून तो सूर क्षणभर ऐकला. हात पुढे करून तिने इलेक्ट्रॉनिक तानपुरा स्वतः खाली आणला आणि गायला लागली. काय गायली! वरचा सा लागला, आणि तिथेच राहिला... लोक श्वास रोखून बसले. माझी बोटं काळी पाचवर एकटीच पडली होती. ती मुकाट्याने काळी चारवर आणली.

नंतर लोकांनी कारणं पुष्कळ सांगितली. एसी, दमट हवा, नव्या तारा सैलावतात वगैरे. चारही तारा नेमक्या तेवढ्याच कशा उतरतात, तेही माझ्या कुलपात, हे कुणी सांगू शकलं नाही. मीही नाही.

पण माझा निकाल लागला तो मंचावरच. टाळ्या थांबल्या होत्या, माइक चालू होता. नीलाने लोकांकडे पाहिलं नाही, मिल्याकडेही नाही. मागे वळून माझ्याकडे पाहिलं आणि अख्ख्या सभागृहाला ऐकू जाईल असं बोलून गेली –

“अहो, या लाकडाला कळलं... तुम्हाला कसं नाही कळलं हो?”