पाहुण्यांच्या रक्तातली रेघ

दादाला हाडांच्या मगजाचा असाध्य रोग झाला आहे, हे वर्ध्याच्या डॉक्टरांनी मला उभ्याउभ्याच सांगितलं. त्यांच्या हातात गाळणकागदाची एक पट्टी होती. अशा पट्टीवर रक्तातलं पाणी ठेवून वीज सोडली की प्रथिनं आपापल्या वेगानं सरकतात आणि रंग दिल्यावर त्यांचे निळे पट्टे उमटतात, असं त्यांनी समजावलं. दादाच्या कागदावर एक अरुंद, गडद रेघ जास्तीची होती. माणसाच्या रक्तात असायला नको ते प्रथिन म्हणजे ही रेघ. त्याची पाठ महिनोन्महिने दुखत होती, चेहरा पांढरा पडला होता. सगळं जुळत होतं. उपाय नाही, घरी न्या, म्हणाले.

मी हिंगणघाटच्या शाळेत इतिहास शिकवत असे. राजेलोकांचे मृत्यू मी एका वाक्यात उरकायचो. हे वाक्य मात्र माझ्या कानांत शिरेना.

बाहेर व्हरांड्यात दादा बाकावर बसून संत्रं सोलत होता. "काय म्हनते डाक्तर?" त्यानं विचारलं. कागद अजून वाळायचा आहे, असं मी सांगितलं. त्यानं अर्धं संत्रं माझ्या हातावर ठेवलं. त्याच्या तोंडाकडे बघवेना, म्हणून मी त्याच्या डोक्यावरच्या भिंतीकडे बघत राहिलो.

भिंतीवर चौकट होती आणि चौकटीला वाळलेल्या झेंडूचा हार. आत कुणा दिवंगताचा फोटो असेल असं वाटलं. होती तशीच एक कागदाची पट्टी. यंत्राच्या उद्घाटनप्रसंगी प्रमुख पाहुण्यांनी, म्हणजे आमच्या भागातल्या एका पुढाऱ्यांनी, स्वतःचं रक्त देऊन ही पहिली पट्टी काढवली, असं खाली सुवाच्य अक्षरांत लिहिलं होतं. स्वातंत्र्य येऊन दहा वर्षंही झाली नव्हती. लढ्यात रक्त सांडायचं राहून गेलेल्यांची सोय अशी होत होती.

पण मी जागीच थबकलो. पाहुण्यांच्या पट्टीवर तीच रेघ होती. त्याच जागी, तितकीच गडद. आणि हे गृहस्थ नुकतेच आमच्या गावच्या सभेत संध्याकाळभर बोलून, वर पोटभर जेवून गेले होते.

मी चौकट हारासकट उतरवली आणि डॉक्टरांच्या टेबलावर ठेवली.

"यांनाही घरीच न्यायचं का?"

डॉक्टर आधी रागावले. मग दोन्ही पट्ट्या शेजारीशेजारी ठेवून बघत राहिले, आणि उठून त्यांनी दार लावून घेतलं. साहेबांच्या रक्ताविषयी बाहेर बोलू नका, हे त्यांना आधी सुचलं. कामाचं नंतर सुचलं. रक्त नळीत गोठू द्यायचं आणि वर सुटलेलं स्वच्छ पाणी तेवढं घ्यायचं, ही खरी रीत. पण समारंभात पाहुण्यांसमोर रक्ताची काळपट गाठ बरी दिसली नसती, म्हणून ते न गोठू देणारं औषध घातलेल्या बाटलीत घेतलं. समारंभ झकास झाला, तेव्हा तीच पद्धत पडली. न गोठलेल्या रक्तात गोठवणारं प्रथिन तसंच राहतं आणि पट्टीवर आपली रेघ ओढतं. कुणाच्याही. पुढे ज्याला हा रोग असल्याचा संशय येईल त्याचंच रक्त यंत्राला लावत. धडधाकट माणसाचं एकच लावलं होतं, आणि ती पट्टी कुणी वाचलीच नव्हती. ती टांगायची होती.

याआधी कुणाला असं सांगितलंत का, असं मी विचारलं. समुद्रपूरकडच्या एका बाईला, म्हणाले. दादाच्या आधी तिचीच पट्टी निघाली होती, आणि तिला घरी पाठवून दिलं होतं. डॉक्टरांनी चष्मा काढला, तो परत लावायचं त्यांना सुचेना. मग त्याच दुपारच्या मोटारीनं त्यांनी तिच्या गावी माणूस धाडला.

दादाचं रक्त पुन्हा घेतलं, साध्या नळीत, आणि गोठू दिलं. दुसऱ्या दिवशीच्या पट्टीवर ती रेघ नव्हती. तेव्हा कुठे मी त्याला सगळं सांगितलं, डॉक्टरांच्या समोरच. तो हसला नाही, रागावलाही नाही. रेघ नव्हती त्या कोऱ्या जागेवर त्यानं बोट ठेवलं.

"मंग माही पाठ काऊन दुखून राह्यली?"

डॉक्टर त्याला आत घेऊन गेले, पालथं झोपायला सांगितलं, आणि पहिल्यांदाच त्याच्या पाठीला हात लावला.